यान्बूचा सालिस

यान्बू
शुक्रवार, ३ मार्च २००६

उस्मानभाईस,
मुन्नीचा सलाम.

तुझा बुरैदाचा बॉक्स नंबर निदाभाभीने गावाहून दिला. तिच्यावर रागावू नकोस, मी फोनवर रडून मागून घेतला. तू फोन घेत नाहीस. दोनदा घेतलास आणि माझा आवाज ऐकून ठेवलास. म्हणून हा कागद.

आम्ही बरे आहोत. शिफा या महिन्यात नऊ वर्षांची होईल. इंडियन स्कूलला जाते, मी मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देते.

लिहायचं कारण असं. इथे आपल्या सात गावांची जमात आहे, दीडशेच्या वर माणसं. रिफायनरीच्या बाजूला काम करणारे, ड्रायव्हर, दुकानवाले. आपसातले तंटे मिटवायला जमात दर दोन वर्षांनी एक सालिस निवडते. एका खोलीत राहणाऱ्यांची भांडणं, गावाकडच्या तलाकाच्या गोष्टी, कोणी वारला तर मयत इथे दफन करायची की घरी पाठवायची, सगळं त्याच्यापुढे येतं. तो म्हणेल ते दोन्ही बाजू ऐकतात. कोर्टकचेरी करायला इथे कोणाला सुट्टी आहे? इतकी वर्षं हाजी गफूर होते. ते आता कायमचे घरी चालले. त्यांच्या जागी हे उभे आहेत. दुसरे जमालुद्दीन, बकाल्याचं, किराण्याचं दुकान चालवतात ते.

कातळवाडीचे, म्हणजे आपल्या गावचे एकतीस जण आहेत. यांनी प्रत्येकाच्या खोलीवर जाऊन विचारलं. सगळे चहा देतात आणि एकच म्हणतात, "उस्मान काय म्हणतो?" तू मेव्हणा, तुझं नाव यांच्यासोबत जिझानच्या त्या प्रकरणात आलेलं. तुझ्या तोंडून चांगला शब्द गेला तर एकतीस मतं येतील. तू गावच्या कोणालाही एक फोन करावास, एवढीच विनंती.

जावई म्हणून नव्हे, माणूस म्हणून यांचा विचार कर.

हे असरच्या नमाजाला गेले म्हणून पुढचं लिहिते. वरचं सगळं त्यांनी समोर बसून लिहून घेतलं. शेवटची ओळसुद्धा त्यांचीच आहे. मला तुला पत्र लिहायचं होतं, पण हे नव्हे. अम्मीच्या मयतीला मी आले तेव्हा तू अंगणात उभा होतास आणि माझ्याकडे पाठ केलीस. त्या पाठीला काय लिहावं ते मला कधी सुचलं नाही.

तुझी बहीण,
मुन्नी


यान्बू
सोमवार, २० मार्च

भाई,

तुझं उत्तर मिळालं. एवढा मोठा कागद आणि त्यावर एक ओळ. "सदानंद कुठे आहे ते तुझ्या नवऱ्याला विचार."

मी विचारलं. हे जेवत होते. हात धुवायला उठले ते परत ताटावर बसले नाहीत. मी तुझं पत्र दाखवलं नाही. विचारलंस तर मी ते शिफाच्या जुन्या वह्यांत ठेवलंय.

सदानंद देवगडचा होता, एवढंच मला आठवतं. जिझानला टाकीच्या कामावर रिगर होता, क्रेनला माल लावणारा, तुमच्या टोळीत. पाय गेला त्याचा. त्या दिवशी साइटवर काय झालं ते मला ठाऊक नाही, मी घरात होते. हे मी तेव्हाही तुला सांगितलं होतं.

तुला एक सांगते, त्यावर चिडू नकोस. हे चांगले सालिस होतील. मागच्या आठवड्याची गोष्ट. एका कंपनीच्या मेसमध्ये दोन सख्खे भाऊ काम करतात. गावी बाप शेवटच्या घटका मोजतोय आणि कंपनी सुट्टी एकालाच देते. थोरला म्हणतो मी जाणार, धाकटा म्हणतो मी. शेवटी हाणामारी झाली, थोरल्याचा ओठ फाटला. हाजींनी त्यांना यांच्याकडे पाठवलं, बघू कसं करतो म्हणून.

यांनी दोघांना आमच्या बैठकीत बसवलं, काहीच विचारलं नाही. फोन लावला, आवाज मोठा केला आणि बापाला म्हणाले, "चाचा, मुलगे दोघं इथे बसलेत. तुम्हाला कोण हवा?"

आधी म्हाताऱ्याचा नुसता श्वास येत होता. मग म्हणाला, "थोरल्याला पाठव. धाकटा आला तर परत जायचा नाही. मी त्याला ओळखतो. मी गेल्यावर घर कोण चालवील?"

धाकटा रडायला लागला. पण थोरल्याचे पाय धरले त्याने. मी पडद्याआडून बघत होते. हे उठून बाहेर गेले, त्यांचेही डोळे भरले होते. नऊ वर्षांत कितीजणांची भांडणं त्यांनी अशी सोडवली. कोणाची बाजू घेत नाहीत. म्हणून लोक त्यांना उभं राहा म्हणाले, ते आपण होऊन उभे राहिले नाहीत.

तू फोन केला नाहीस, हे कातळवाडीवाल्यांकडून कळलं. ठीक आहे.

मुन्नी


यान्बू
शुक्रवार, ७ एप्रिल

भाई,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. सदानंदच्या त्या दिवसाबद्दल.

काल जमालुद्दीन आले होते. हे ड्यूटीवर. मी दाराआड उभी राहून म्हटलं, भाईसाहेब, हे घरी नाहीत. ते म्हणाले, "मला तुमच्याशीच बोलायचंय, भाभी. इथेच पायरीवर बोलतो."

म्हणाले, "जिझानच्या गोष्टीत काहीतरी अडलंय असं माझ्या कानावर आलंय. काय ते मला माहीत नाही आणि मला ते मतांसाठी वापरायचं नाही. मी हरलो तर माझं दुकान आहे. पण सालिससमोर माणूस आपलं घर उघडं करतो. आम्ही उद्या ते इसहाकभाईंसमोर करावं का, एवढं मला सांगा. तुम्ही हो म्हणालात तर मी नाव मागे घेतो."

मी हो म्हणू शकले नाही. नाहीही म्हणाले नाही. ते "बरं, येतो" म्हणून गेले.

आता खरं लिहिते.

त्या दिवशी, डिसेंबर शहाण्णवमध्ये, हे दुपारी अवेळी घरी आले. मी भात उतरवत होते. शिफा पोटात होती, सहावा महिना. यांनी नळाखाली हात धरले आणि धूतच राहिले. मला म्हणाले, "मुन्ने, मी हात वर केला. पत्रा नीट बांधलाय का बघितलंच नाही. उस्मान दोरी बघायला खाली उतरला होता, मी वरून क्रेनवाल्याला हात केला. पत्रा सुटला आणि सदानंदवर पडला."

हे सगळं यांनी मला सांगितलं. शब्द तेच आहेत. मी विसरलेले नाही.

संध्याकाळी कंपनीचा माणूस आला. त्या आठवड्याच्या कागदावर इशारा देणारा म्हणून तुझं नाव होतं. यांना विचारलं, इशारा कोणी दिला? यांनी तुझं नाव सांगितलं. घरी येऊन मला म्हणाले, "कागदावर त्याचंच नाव आहे, त्याला काही होणार नाही, चार दिवसांत सोडतील." मी मान हलवली. सोडतीलच, असं मीही स्वतःला सांगितलं.

मग तुझा चौकीतून फोन आला. एकच करू देतात म्हणालास. अम्मीला नाही, भाभीला नाही, मला केलास. "मुन्नी, इसहाक घरी येऊन तुझ्याशी काही बोलला असणार. तू सांग. बहिणीचं ऐकतील." आणि मी म्हटलं, "मी घरात होते भाई, मला काय माहीत."

हे माझ्यासमोर उभे होते. पण त्यांनी माझं तोंड धरलं नव्हतं. यांची नोकरी गेली असती तर सहाव्या महिन्यात मी परत गावी, आणि अम्मीने दागिने मोडून केलेलं लग्न. असे विचार माझ्या मनात आले होते. तू त्रेचाळीस दिवस आत होतास. मग तुला परत पाठवलं आणि पाच वर्षांची बंदी. निदाभाभी त्या काळात लोकांच्या घरी मासे साफ करायला जात होती, ते मला नंतर कळलं.

तुला हे सगळं माहीत आहे. मला माहीत होतं, हे मात्र मी तुला कधी कबूल केलं नव्हतं. ते आता केलं.

मुन्नी


यान्बू
शनिवार, २२ एप्रिल

भाई,

यांना सांगितलं. मागच्या पत्रात काय लिहिलं ते शब्दाशब्दाने सांगितलं.

आधी ओरडले नाहीत, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. खुर्चीवर बसून म्हणाले, "नऊ वर्षं मी लोकांचे तंटे का मिटवतोय, तुला काय वाटतं? हौस म्हणून?"

मी म्हटलं, "मग एक तुमचाही मिटवा."

मग ओरडले. म्हणाले, "जमातीत बोललो की दीडशे तोंडं झाली. उद्या जिझानला कळेल, फाइल उघडेल, खोटी साक्ष म्हणून मला आत टाकतील. इथे राहायचा इकामा गेला, घर गेलं. शिफाच्या शाळेचं काय करशील? तुझा भाऊ आता बुरैदात खजुराच्या गोदामात नीट नोकरी करतोय. त्याला यातून काय मिळणार?"

मी म्हटलं, "त्याला काय मिळणार ते तुम्ही त्याला कधी विचारलं?"

शिफा दारात येऊन उभी राहिली. "अम्मी, आपका भाई? कौनसे मामू?" तिला कधी सांगितलंच नव्हतं तिला मामू आहे म्हणून. यांनी तिच्याकडे बघितलं आणि चप्पल घालून बाहेर पडले. तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं आहे.

निवड येत्या शुक्रवारी, जुम्याच्या नमाजानंतर. गावाबाहेर एक इस्तिराहा भाड्याने घेतलाय, चार भिंतींच्या आत बाग आणि बैठक असते तसा. जेवणाचं निमित्त आहे, कारण इथे परक्यांना सभेची बंदी, सभा भरवली असं कोणी म्हणायला नको. मत कागदावर देत नाहीत. पितळी किटलीत यांच्यासाठी खजुराची बी टाकायची, जमालुद्दीनसाठी चणा. बायका पडद्यामागे बसतील, आम्हाला मत नाही.

तू ये असं मी म्हणत नाही. तारीख कळवली, एवढंच.

मुन्नी


यान्बू
रविवार, ३० एप्रिल

भाई,

तू आला नाहीस, तरी तुझं नाव सगळ्यात जास्त वेळा घेतलं गेलं. कोणी फोनवर सांगितलंही असेल, पण माझ्याकडून ऐक.

जेवणं झाली. हाजी गफूरनी दुआ मागितली. मग जमालुद्दीन उठले, दोन वाक्यं बोलले की मला भांडणं ऐकायचा अनुभव नाही, पण मी घाई करणार नाही. बसले. मग हे उठले. कातळवाडीचे शौकतचाचा पुढेच बसले होते. त्यांनी विचारलं, "इसहाक, बाकी काही नको. जिझानला आमच्या उस्मानने चूक केली होती काय, एवढं सांग."

मला पडद्यातून यांची पाठ दिसत होती. कोणीतरी यांच्यापुढे पाण्याचा ग्लास केला.

मग बोलले. "चूक माझी होती. इशारा मी दिला. नाव त्याचं सांगितलं. तो त्रेचाळीस दिवस आत राहिला आणि मी नोकरीवर राहिलो."

भाई, असा आवाज मी कधी ऐकला नाही. ओरडा नव्हे. इतकी माणसं एकदम हलली त्याचा आवाज. शौकतचाचांनी पायातली चप्पल काढली, मग परत घातली. कोणीतरी म्हणालं, "आणि तू आमचा न्याय करणार होतास?" हे म्हणाले, "माझं नाव काढा."

हाजी म्हणाले, "नाव निघणार नाही. उभा राहिलास ना, मग मतं पडू देत. लोकांना बोलू दे."

किटली फिरली. चादरीवर ओतली तेव्हा चण्यांचा ढीग झाला. खजुराच्या बिया सतरा निघाल्या. त्या कोणाच्या, कोणी विचारलं नाही.

हाजींनी जमालुद्दीनना आपल्या जागेवर बसवलं. सगळ्यांना वाटलं आता चहा होईल, पांगतील. पण जमालुद्दीन म्हणाले, "मी सालिस झालो असेन तर पहिला तंटा आत्ताच घेतो. इसहाकभाई, समोर बसा."

हे बसले. मांडी घालून, मान खाली. त्याच माणसासमोर, ज्याच्याविरुद्ध उभे होते.

जमालुद्दीननी एकेक विचारलं. कागदावर उस्मानचं नाव का होतं. क्रेनवाला कुठे गेला. सदानंद कुठे आहे. हे उत्तर देत गेले. मग विचारलं, "ही गोष्ट आणखी कोणाला माहीत होती?"

हे म्हणाले, "कोणाला नाही."

लगेच म्हणाले, विचारही केला नाही. भाई, नऊ वर्षांत यांनी माझ्यासाठी पुष्कळ केलं, पण त्या क्षणी मला यांची दया आली. मगाशी एवढं खरं बोलून हा माणूस माझ्यासाठी पुन्हा खोटं बोलत होता.

माझ्या शेजारी हाजींच्या बीबी बसल्या होत्या. मी उठले तर त्यांनी माझा हात धरला. मी सोडवला. पडद्याच्या आत उभी राहून म्हटलं, "मला माहीत होतं."

बाहेरून कोणीतरी विचारलं, "कोण बोललं?"

मी म्हटलं, "मी मुन्नी, उस्मानची बहीण. यांनी त्याच दुपारी मला सांगितलं होतं. भाईने चौकीतून मला विचारलं आणि मी नाही म्हटलं. यांचं लिहाल त्यात माझंही लिहा."

यांनी मागे वळून पडद्याकडे बघितलं. मला ते दिसले, मी त्यांना दिसत नव्हते.

जमालुद्दीन म्हणाले, "लिहू." मग फैसला सांगितला. यांनी जिझानला जाऊन जबाब बदलून द्यायचा, जे होईल ते होऊ दे. मी स्वतः सोबत जाईन, म्हणाले. बाईचं म्हणणं मी कागदावर घेईन आणि त्याची नक्कल उस्मानला जाईल. आणि सदानंदचा पत्ता जमात शोधेल. यांना विचारलं, "कबूल?" हे म्हणाले, "कबूल."

घरी येताना गाडीत यांनी एकच विचारलं, "तू का बोललीस?" मी म्हटलं, "तुम्ही एकटे बसला होता."

मुन्नी


यान्बू
शुक्रवार, ९ जून

भाई,

तू जिझानला जाऊन आलास हे मला यांनी चौकीतून फोनवर सांगितलं. फाइलीत तुझं नाव म्हणून तुला बोलावणार असं जमालुद्दीन म्हणाले होते. पण तू जाशील असं मला वाटलं नव्हतं. बुरैदापासून किती लांब, आणि बसने.

जमालुद्दीन आठ दिवस दुकान बंद ठेवून यांच्यासोबत राहिले. पहिले तीन दिवस यांचं कोणी ऐकूनच घेईना. जुनी कंपनी कधीच गुंडाळलेली, "खलास, नऊ वर्षं झाली, आता काय काढता?" असं म्हणायचे. हे रोज जाऊन बाकावर बसायचे. चौथ्या दिवशी एका साहेबाने फाइल मागवली आणि यांना तिथेच ठेवून घेतलं.

सदानंदभाऊ सापडले. देवगडला एसटीडी बूथ चालवतात. जमालुद्दीननी त्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला काय सांगताय? मी खाली उभा राहून वरच बघत होतो. हात इसहाकचा होता. हॉस्पिटलात मी वाट बघत होतो, कोणीतरी विचारायला येईल म्हणून. कोणी आलं नाही. मग विमानात बसवलं." जमालुद्दीननी विचारलं, काही दावा? ते म्हणाले, "दावा कसला? उस्मानला एकदा माझा नमस्कार सांगा. बिचारा माझा पाय घट्ट बांधून धरून बसला होता, त्यालाच नेलं." हे तुला कळावं म्हणून लिहिते.

तू चौकीत काय बोललास तेही मला कळलं. यांनी तसंच्या तसं सांगितलं. साहेबाने विचारलं, या माणसाविरुद्ध तुझं काही म्हणणं? तू म्हणालास, दावा नाही. साहेब म्हणाला, म्हणजे माफ केलंस? आणि तू म्हणालास, "नाही. दावा सोडला. माफी मी दिलेली नाही. ते लिहू नका."

ते सांगताना हे रडत होते. मला मात्र बरं वाटलं. तू माफ केलंस असं कोणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता.

तू दावा सोडलास म्हणून यांना अठरा दिवसांत सोडलं. आता आम्हाला कायमचं परत पाठवताहेत. मंगळवारी जेद्दाहून विमान आहे. सामान फार नाही. कपाट आणि फ्रिज त्या दोन भावांपैकी धाकट्याला दिला. थोरला बापाला दफन करून परतलाय. शेजारणी येऊन जातात. काहीजणी येत नाहीत.

मी दिलेला जबाब सोबत आहे, जमालुद्दीनची सही आहे. वरती ठळक लिहायला सांगितलं मी, की उस्मान याचा दोष नव्हता आणि ते त्याच्या बहिणीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गावात कोणाला दाखवायचा तर दाखव. मी गावात असेन तेव्हाही दाखव.

कातळवाडीला मी राहायला येईन की नाही माहीत नाही. यांच्या गावी राहू. निदाभाभीने उंबऱ्यावर उभं केलं नाही तर मी समजेन. तिला भेटायला एकदा जाणार मात्र आहे.

शिफाला मी बसवून सगळं सांगितलं, तिच्या बापाबद्दल आणि माझ्याबद्दल. मध्ये काही बोलली नाही. शेवटी विचारलं, "मामू मुझसे भी नाराज़ हैं?" मी म्हटलं, ते तूच विचार. ती आत जाऊन बसली आणि वहीचं पान फाडून तुला काहीतरी लिहिलं. मराठीत लिहिलंय म्हणाली, दोन शब्द मला विचारून गेली, "लांब" कसं लिहायचं आणि "बुरैदा" कसं. बाकी मी वाचलेलं नाही. पाकीट तिने स्वतः चिकटवलंय, ते यातच आहे.

मला उत्तर नको. तिला दिलंस तर बरं होईल. यांच्या गावचा पत्ता तिने पाकिटावर लिहिलाय.

मुन्नी